बीप वाजल्यावरचा चहा

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते अभिमानानं सांगतो. जुना कॉम्प्युटर नव्या लॅपटॉपच्या आत जसाच्या तसा चालवून देणं, हे माझं काम. एकदा शुक्रवार पेठेतले एक म्हातारे चादरींची डिझाइनं असलेला बंद कॉम्प्युटर पोत्यात घालून माझ्या दुकानात आले. चालू होतानाची सगळी खटपट करणारा चिपमधला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, वगळून मी थेट डिझाइन उघडून दाखवलं.

"लई लवकर उघडलं की," ते हिरमुसले.

"मग चांगलंच की, काका!"

"आदी बीप वाजायची, आकडे पळायचे. तेवढ्यात आमची मंडळी आत चहा टाकायची. आता न्हाय ती."

जुन्या चिपमधलं फर्मवेअर काढून मी लॅपटॉपमध्ये बसवलं. बीप वाजली, आकडे पळू लागले. काकांनी पडद्याकडं पाहिलंच नाही. ते दुकानाच्या आतल्या दाराकडं बघत राहिले.