दर दहा मिनिटांना एक शेंगदाणा

आमच्या काकांइतका उतावळा माणूस मी पाहिलेला नाही, आणि साऱ्या जगाचा उतावळेपणा रोखण्याचा ध्यास घेतलेला माणूसही त्यांच्याखेरीज दुसरा पाहिलेला नाही. काका म्हणजे बाबांचे शाळासोबती, मूळचे मंगळवेढ्याचे. उमेदीची वर्षं त्यांनी बेंगळुरूला एटीएम जाळ्यांचे स्विच घडवण्यात घालवली. या एटीएमचा बँकेतल्या यंत्राशी नावापलीकडे काही संबंध नाही. फोनवरचं बोलणं, चित्रं, पत्रं, सारा मजकूर त्रेपन्न बाइटांच्या एकसारख्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि एकाच तारेतून आळीपाळीने सोडायचा, अशी ती पद्धत. कोणता तुकडा आधी जाईल आणि कुणी किती वेगाने पाठवायचं, हे ठरवणारी चिप काकांची. पुढे जगाने ती पद्धत बाजूला ठेवली. काकांच्या घरात ती अजून चालू आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत पुतण्याच्या टॉवेलच्या कारखान्यामागे ते राहतात. त्यांचं बोलणंही तुकड्यांत चालतं, आणि प्रत्येक तुकड्याला आधी पत्ता असतो. एकदा मी, काकू आणि गठ्ठे न्यायला आलेला टेम्पोवाला असे तिघेही समोर असताना त्यांनी एका दमात ऐकवलं, "पोरी, रांग भरली की आधी... टेम्पो, मागच्या दारानं ये... पोरी, मागच्याला थोपवायचं... अगं, चहात साखर न्हाय व्हय?... टेम्पो, मोजून घे." टेम्पोवाला चहा पिऊन निघून गेला, गठ्ठे तिथेच राहिले. काकू मला म्हणाल्या, "माझा तुकडा तेवढा नेमका तक्रारीचा असतोय बघ."

मी त्यांच्याकडे ही पद्धत शिकायला जात असे, आणि प्रश्न विचारण्याचाही त्यांनी दर बांधून दिला होता. माझ्यासमोर एक स्टीलची वाटी असे, आणि दर दहा मिनिटांनी ते तीत एक शेंगदाणा टाकत. एक शेंगदाणा खाल्ला की एक प्रश्न. वाटीत जास्तीत जास्त पाच. सहावा काका स्वतः खात. गप्प राहून साठवले तर पाच प्रश्न सलग विचारता येत, नाहीतर थांबणं आलं. एटीएममधलं वेगनियंत्रण नेमकं असंच चालतं, पण ते पुस्तकातून कळणं वेगळं आणि रिकाम्या वाटीसमोर बसून कळणं वेगळं. मी पाय हलवत, पेन वाजवत बसे, आणि ज्यांना स्वतःला दोन मिनिटं खुर्चीत बसवत नसे ते काका येरझाऱ्या घालत म्हणत, "लई घाई हाय तुला. इचार करून खा की!"

घाई मला होतीच. बेंगळुरूच्या एका कंपनीने निवडीसाठी काम दिलं होतं: ज्या जुन्या एटीएम यंत्रणेचे सुटे भाग आता मिळत नाहीत, तिचा रांगा सांभाळणारा भाग नव्याने रचायचा. सोमवारी तो दाखवायचा होता. जमलं तर बेंगळुरू. न जमलं तर बाबांनी बोलून ठेवलेली, तासिकेवर शिकवण्याची नोकरी. शनिवारी दुपारी मी लॅपटॉपवर रचना घेऊन काकांकडे गेले. चार रांगा, बोलण्याचे तुकडे पहिलीत, साधी पत्रं चौथीत, वरची रांग रिकामी होईपर्यंत खालचीला हात लावायचा नाही. माझ्या सगळ्या चाचण्या पास झाल्या होत्या.

"चौथी कवा सुटते?" काकांनी विचारलं.

"वरच्या तीन रिकाम्या झाल्या की."

"आन् न्हाईच झाल्या तर?"

मी वाटीकडे पाहिलं. रिकामी होती. काकांनी वरच्या तिन्ही रांगांवरचा भार वाढवला आणि पडद्याकडे बोट दाखवलं. चौथीतून एकही तुकडा बाहेर पडत नव्हता.

"माझी पयली चिप अशीच हुती," ते म्हणाले. "लई शाबासकी मिळाली तिला. मग परत आली."

"चिप परत आली, सवय न्हाई गेली," काकू दारातून म्हणाल्या. "मंगळवेढ्याला भनीकडं जायचं म्हणून मी कवाची उभी हाय चौथ्या रांगेत."

"येतीय की तुझी पाळी!"

"किती वरसं येतीय?"

काका उठून खिडकीकडे गेले. मी रविवारभर बसून चौथ्या रांगेलाही थोडासा, पण हक्काचा वाटा दिला. सोमवारी परीक्षकाने पहिलाच प्रश्न चौथ्या रांगेविषयी विचारला. एक शेंगदाणा चावण्याइतका वेळ मी थांबले आणि मग उत्तर दिलं.

आता बेंगळुरूत माझा दिवस रांगांनी भरलेला असतो. बैठका पहिलीत, चाचण्या दुसरीत. काकांना फोन करणं यादीत रोज असतं, सगळ्यांत खाली, आणि वरचं काही संपत नाही. परवा काकूंचाच फोन आला. मागे यंत्रमागांची खडखड चालू होती.

"अगं, रोज चार वाजता तुझी वाटी मांडून बसत्यात. पाच भरले की वरचे सगळे आपणच खात्यात. पित्त वाढलंय."

मग काकांचा आवाज आला, पत्त्यासकट. "पोरी, पाच शिल्लक हायत तुझे."

पाच होते, आणि मला एकही प्रश्न सुचेना. शेवटी म्हटलं, "काका, काकूंना मंगळवेढ्याला नेलंत का?"

पलीकडे वाटी खणकली आणि शेंगदाणा चावल्याचा आवाज आला.

"चार उरले," काका म्हणाले.