आमच्याच गाडीचं मॉडेल

अमेरिकेत अल्फारेटाला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मला प्लास्टिकच्या मॉडेल गाड्यांचा नाद लागला. ऑफिसातून आलो, जेवलो, की गॅरेजमध्ये जाऊन बसायचं. किटमधले सुटे भाग कापायचे, घासायचे, जोडाच्या फटी पुट्टीनं भरायच्या, रंगाचे पातळ हात मारायचे. रंगाचा वास घरात येतो म्हणून बायको मधलं दार आपटून लावायची. मला गाड्या कोऱ्या करकरीत आवडायच्या, शोरूममधून नुकत्या बाहेर काढल्यासारख्या. या छंदातले काही लोक मुद्दाम गंजलेल्या, चेपलेल्या गाड्या बनवतात हे माहीत होतं. पण त्यात काय मजा येते, ते मला कळत नसे.

आमची मुलगी चार वर्षांची असताना अपघात झाला. बायको तिला डे-केअरमधून घरी आणत होती. चौकात एका ट्रकनं लाल सिग्नल तोडला आणि आमच्या गाडीच्या डाव्या बाजूवर आदळला. मला ऑफिसात फोन आला. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा मुलगी एका नर्सच्या मांडीवर बसून आइसकांडी चोखत होती. केसांत काचेचे कण, एका पायात बूट नाही, बाकी काही नाही. बायकोचं खुब्याचं हाड आणि कॉलरबोन मोडलं होतं. तिला अपघातातलं काहीच आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मी अपघातातल्या गाड्या ठेवतात त्या यार्डात जाऊन गाडीतली कागदपत्रं काढून आणली. गाडीकडे नीट बघवलं नाही. मागच्या सीटकडे तर नाहीच. मुलीला आम्ही सांगितलं, जुनी गाडी विकली.

बायको बरी झाली, पण स्टिअरिंगला परत हात लावला नाही. तिथे गाडीशिवाय साधं दूधही आणता येत नाही, तेव्हा तिला सगळीकडे मीच नेऊ-आणू लागलो. त्यावर आम्ही बोलत नसू.

दोनेक वर्षांनी आमच्या भागातल्या मॉडेलवाल्यांनी एका चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. मी माझ्या वडिलांची फियाट घेऊन गेलो होतो. एका इटालियन किटचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणून ती बनवली होती आणि त्या करामतीवर मी भलताच खूश होतो. गाडी टेबलावर मांडली आणि बाकीच्या बघत फिरायला लागलो.

शेवटच्या टेबलावर मोडक्या गाड्या होत्या. त्यातल्या एकीपाशी थबकलो. डाव्या बाजूचा चेपा इतका खरा होता, की आधी मी नुसती कारागिरीच बघत राहिलो. प्लास्टिक आतून खरवडून पातळ केलं असणार, मग ऊब देऊन दाबलं असणार. मग डॅशबोर्डवर मोहरीएवढा केशरी ठिपका दिसला. वाकून पाहिलं तर त्याला सोंड होती. मागच्या काचेवर बदकांची चित्रं असलेला उन्हाचा पडदा होता. उजव्या दारावर बोटभर लांबीची एक पट्टी होती, बाकीच्या हिरव्या रंगापेक्षा किंचित फिकी.

ती पट्टी मी रंगवली होती. खऱ्या गाडीवर. पार्किंगमध्ये कुणीतरी ओरखडा काढला, तो मी माझ्या मॉडेलच्या रंगानं बुजवला होता आणि छटा चुकली होती. हे जगात मला सोडून कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

मागच्या सीटवर लहान मुलांची खुर्ची होती. खाली रस्त्यावर काचांचा चुरा आणि त्यात एक गुलाबी बूट.

 मी टेबलाची कड धरली.

टेबलामागे घडीच्या खुर्चीवर पन्नाशी ओलांडलेली एक गोरी बाई थर्मासमधून कॉफी पीत बसली होती. तिनं हसून विचारलं, "आवडली?"

"ही आमची आहे," मी म्हणालो. चक्क मराठीत. मग इंग्रजीत सांगितलं, की ही माझी गाडी, माझी बायको चालवत होती.

 तिच्या हातातला कप तिरका झाला, कॉफी मांडीवर सांडली, तिला कळलंही नाही. तिनं एकच शब्द विचारला, "बाळ?"

"बरी आहे. सहा वर्षांची झाली. पहिलीत जाते."

"आणि तुझी बायको?"

"तीही."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठली आणि तिनं माझा दंड इतका घट्ट धरला, की दुखला.

ती मोडलेल्या गाड्या ओढून नेणारा टो ट्रक चालवायची. ती पोचली तेव्हा ॲम्ब्युलन्स निघून गेली होती. उरली होती नुसती गाडी, काचा आणि तो बूट. "आम्हाला कुणी काही सांगत नाही," ती म्हणाली. "गाडी उचलायची आणि निघायचं. तो बूट मी त्या खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, ती गेली. इतके दिवस हेच धरून चालले होते."

"म्हणून मॉडेल केलंस?"

"डोक्यातून जात नव्हतं." मग म्हणाली, "अशा अजून आहेत. घरी, फळीवर."

"त्यातली माणसं?"

"माहीत नाही."

फियाट तिथेच सोडून मी घरी आलो. संध्याकाळी चहा पिताना बायकोला सगळं सांगितलं. ती ताडकन उठली.

"आपली गाडी? लोकांना बघायला मांडली? आणि तू तिच्याशी गप्पा मारत बसलास?"

 तिनं सिंकमधली सगळी भांडी घासली, आधी घासलेलीसुद्धा. मग मागे न वळता म्हणाली, "तिला बोलाव. मला ती गाडी बघायचीये."

रविवारी ती बाई बुटांच्या खोक्यात मॉडेल घेऊन आली. आमच्या डायनिंग टेबलावर ठेवलं. बायकोनं ती गाडी अपघातानंतर पाहिलीच नव्हती. पुढच्या सीटच्या जागी जेमतेम बोट शिरेल एवढी फट होती. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"मी इथे होते?"

"हो," बाई म्हणाली.

"यातून मी बाहेर आले?"

ती खुर्ची ओढून बसली. मी पाणी आणायला वळलो तर जिन्यात मुलगी उभी. कधी उतरून आली, कुणालाच कळलं नव्हतं.

"दॅट्स अवर कार! हू ब्रोक इट?"

 बायकोच म्हणाली, "ट्रकनं धडक दिली."

"वॉज आय इन इट?"

"हो. मागे, तुझ्या सीटवर."

मुलीनं वाकून मागच्या सीटकडे पाहिलं. मग त्या बाईला विचारलं, "डिड यू सेव्ह अस?"

बाई गुडघ्यांवर बसली. "नाही गं राणी," ती म्हणाली, "मी उशिरा आले." आणि आमच्या हॉलमध्ये ती हमसून हमसून रडली.

निघताना तिनं मॉडेल परत न्यायला नकार दिला. ज्यांचं काही कळलं नाही त्यांच्या रांगेत आता ही नको, म्हणाली. बायकोनं ते खोकं दोन्ही हातांनी घेतलं. 

त्यानंतर बायको गाडी चालवायला लागली, असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. त्याला पुढे बराच काळ गेला आणि कारणं वेगळी होती. त्या बाईनं मात्र फळीवरच्या बाकीच्या गाड्यांची चौकशी सुरू केली. एके दिवशी तिचा फोन आला. एका निळ्या व्हॅनमधल्या म्हाताऱ्याचा पत्ता लागला होता. तो वाचला नव्हता. हॉस्पिटलला नेतानाच गेला होता.

"निदान कळलं," ती म्हणाली.  बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला विचारलं, आज जेवायला येतेस का.