नानांच्या उजव्या कानाचं ट्यूनिंग

“या गाडीत मी बसायची नाही. मी ट्रेननं जाते,” सुमनमावशी म्हणाल्या आणि आमच्या दुकानासमोरच गाडीतून उतरल्या. दोन्ही हात कानांवर.

त्यांचे यजमान वसंतनाना स्टिअरिंग धरून बसून राहिले. दोनच दिवसांवर धुळ्याजवळ त्यांच्या भाच्याचं लग्न आलं होतं. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेतली होती, तीही सेकंडहँड. बायकोला शेजारी बसवून, गाणी लावून गावात शिरायचं, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी साउंड बसवला आणि त्याच साउंडपायी शेजारची सीट रिकामी जायची वेळ आली. साउंड ट्यून केला होता मी.

पर्वत पाटिया भागातल्या कार ऑडिओच्या दुकानात मी ट्यूनर आहे. स्पीकर बसवतो तो फिटर. कुठल्या स्पीकरनं काय वाजवायचं ते मी ठरवतो. क्रॉसओव्हर म्हणजे चाळणीच. ढोलाचा जाड आवाज मागच्या वूफरकडे जातो, गाणाऱ्याचा गळा दारातल्या स्पीकरकडे. झांजेची किणकिण आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धार काचेजवळच्या छोट्या ट्विटरकडे. मग येतो इक्वलायझर. गाडीच्या काचा, सीट, छत आवाजात खड्डे आणि उंचवटे पाडतात. ते एकेक पट्टी वरखाली करून सपाट करायचे. शेवटी सीटवर डोक्याच्या उंचीला माईक लावायचा आणि लॅपटॉपवर ग्राफ बघायचा. रेघ सरळ आली की काम झालं.

नानांच्या गाडीची रेघ दोनदा सरळ आली होती. तरी ते तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले होते.

“आवाज शे रे भाऊ, पन शब्द नहीत,” हे त्यांचं गाऱ्हाणं. नाना मूळचे खानदेशातले, बोलतात अहिराणी. माझ्याही घरात तीच. “गानं वाजस, पन ती बाई काय म्हनस ते समजस नही.”

पहिल्या खेपेला मी वायरी तपासल्या. दुसऱ्या खेपेला नवे ट्विटर लावले आणि नानांना लॅपटॉपसमोर बसवून ग्राफ समजावला. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. घरी जाऊन ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि व्हॉल्यूम तीसवर नेला. ऐकणाऱ्याच्या दाताला झिणझिण्या येतील असा आवाज. मला त्यांचा रागच आला होता. एवढी सरळ रेघ दाखवल्यावर माणसानं तक्रार करावीच कशी?

दुकानाचे मालक केतनभाई बाहेर आले. “शू थयू? हजी पत्यु नथी?” काय झालं, अजून आटपलं नाही का, असं त्यांनी गुजरातीत विचारलं.

“नाही. शब्द ऐकू येत नाहीत म्हणतात.”

“ट्विटर बदली नाख.”

“बदलले, केतनभाई.”

“तो पछी घराक बदली नाख,” ते म्हणाले. म्हणजे मग गिऱ्हाईकच बदल. आणि चहा प्यायला आत निघून गेले.

गिऱ्हाईक बदलता येत नव्हतं, म्हणून मी पुन्हा माईक काढला. मावशींना कसंबसं मागच्या सीटवर बसवलं, मीही लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. माप घेताना एसी बंद लागतो, नाहीतर त्याची घरघर ग्राफमध्ये शिरते.

“नाना, एसी बंद करा.”

नाना हलले नाहीत. मी पुन्हा सांगितलं. नाना समोरच्या रस्त्यावरचा टेम्पो बघत बसलेले. मावशींनी त्यांच्या खांद्यावर टपली मारली. नाना मागे वळले, माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “काय?” मी तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं. त्यांनी लगेच एसी बंद केला.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, डोळ्यांकडे नाही. असं बघणारं दुसरं माणूस मला चांगलं माहीत आहे. माझे वडील. तेही असेच ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. ते काम करतात त्या लूमच्या कारखान्यात शंभर माग एकदम धडधडत असतात, तिथे कानांनी कोण ऐकतो? सगळे ओठ वाचतात आणि हातांनी खुणा करतात.

“नाना, लूमवर किती वरीस व्हयनात?” मी त्यांच्यासमोर येऊन विचारलं.

“चौतीस. उधनामां. आते मास्तर शे.”

मग मी गाणी बंद केली आणि लॅपटॉपवरून एकेक सूर सोडला, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. डोळे मिटायचे आणि ऐकू आलं की बोट वर करायचं. जाड सुरांना नानांचं बोट झटकन वर. दोन हजार हर्ट्झच्या पुढे बोट रेंगाळायला लागलं. चार हजारांचा सूर सोडला. मागे मावशींनी कान दाबले. नाना शांतपणे डोळे मिटून, बोट खाली ठेवून सुराची वाट बघत होते.

मला स्वतःचीच लाज वाटली. दोन दिवस मी गाडी मोजत होतो आणि शब्दांची धार नेमकी त्या चार हजारांच्या आसपास असते. ती नानांच्या कानातच शिरत नव्हती.

आता हे सांगायचं कसं? लूमवरचा मास्तर म्हणजे कारागिरांचा मुकादम, स्वाभिमानी माणूस. मी सरळच सांगून टाकलं.

“म्हंजे मी बहिरा शे?” नानांचा चेहरा पडला.

“नही, नाना. ढोल तुमले मस्त आयकू येस. फक्त बारीक आवाज लूमनी खाई टाका.”

मागून मावशींचा आवाज आला, एकदम मऊ. “इतला वरीस माले वाटे, हाऊ माणूस मुद्दाम आयकस नही.”

नानांना ते ऐकू आलं नाही. मी त्यांना पुन्हा सांगितलं. तेव्हा ते हसले आणि माझाही जीव भांड्यात पडला.

पुढचं काम मी पुस्तकाच्या अगदी उलट केलं. नियम असा की ड्रायव्हरच्या जवळच्या ट्विटरचा आवाज दाबायचा, म्हणजे आवाज मधून आल्यासारखा वाटतो. मी उजवा ट्विटर उलट थोडा चढवला, तोही फक्त दोन-तीन पट्ट्यांवर, आणि त्याचं तोंड थेट नानांच्या उजव्या कानाकडे वळवलं. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, जिकडे तोंड तिकडेच जास्त. डाव्या ट्विटरला हात लावला नाही, तो मावशींचा. ग्राफवर हे भलंमोठं टेंगूळ आलं. स्पर्धेतल्या परीक्षकानं बघितलं असतं तर मला हाकलून दिलं असतं.

गाणं लावलं. लग्नात बायका म्हणतात तसलं, अहिराणी. नानांनी सवयीनं व्हॉल्यूम वाढवत नेला आणि सोळावर आपणच थांबले. ओठ हलायला लागले. “आते समजनं,” ते म्हणाले, आणि कडव्यातली एक ओळ त्यांनी म्हणून दाखवली.

सुमनमावशी मागचं दार उघडून उतरल्या, पुढे येऊन बसल्या आणि सीटबेल्ट लावला. कानांना हात नाही.

“गाडीतला इलाज गाडीपुरता. लग्नाहून आलात की कानाच्या डॉक्टरला दाखवा,” मी दोघांनाही बजावलं.

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला, लग्नाला जाताना नवापूरजवळ चहाला थांबले होते तिथून. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, “साउंड कसा वाटतोय?”

“बंद शे,” मावशी म्हणाल्या. “सोनगडपासून आम्ही बोली ऱ्हायनूत. आते मी त्यासना कानजोडे बोलस.”

तीन खेपा, नवे ट्विटर आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाकडा ग्राफ. सगळं बंद, आणि मावशी नानांच्या कानाशी बोलत होत्या. केतनभाईंना सांगितलं तर ते म्हणाले, “कम्प्लेन नथी ने? बस.”

ग्राफ गाडीचा निघतो, गिऱ्हाइकाचा निघत नाही. आता नवी गाडी आली की लॅपटॉप उघडण्याआधी मी मागच्या सीटवर बसतो आणि गाडीच्या मालकाला एसी बंद करायला सांगतो.