मामाचा मान

मुलीचं लग्न ठरल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हॉल, जेवण, बस्ता सगळं मार्गी लागलं होतं. अडलं होतं एकाच ठिकाणी: बोहल्यावर नवरीच्या पाठीशी मामा म्हणून कोण उभं राहणार? मला एकच भाऊ आहे, आणि त्याला भाऊ म्हणायची आमच्या घरात सोय नाही.

उजनीच्या काठी आमची केळीची बाग आहे. तिथे मजुरीला येणाऱ्या बाईचा तो मुलगा, आणि माझ्या वडिलांचा, अण्णांचाही. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो आमच्याच पाण्याच्या मोटारी सांभाळतो, मला आक्का म्हणतो आणि चहा ओसरीवर पितो.

अण्णा अकलूजला इतिहास शिकवायचे. अमेरिकेच्या सुरुवातीच्या एका राष्ट्राध्यक्षावर त्यांचा भारी जीव. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणारा तो माणूस! त्याची डोंगरावरची हवेली, त्याची पुस्तकं, त्याची बाग यावर अण्णा बोलू लागले की त्यांना तास संपल्याची घंटा ऐकू यायची नाही. पुढे मीही सोलापुरात कॉलेजात इतिहास शिकवू लागले आणि त्यांनी न सांगितलेलं वाचलं. त्या हवेलीत शेकडो गुलाम राबले. बायकोच्या वडिलांना गुलाम बाईपासून झालेली मुलगी, म्हणजे बायकोची सावत्र बहीणच, त्या घरात गुलाम होती. बायको गेल्यावर तिला राष्ट्राध्यक्षापासून मुलं झाली. त्या मुलांना त्याने गुपचूप मोकळं केलं, पण बाप म्हणून कधी तोंड उघडलं नाही. घराण्याच्या दफनभूमीत जागा कोणाला, यावरून त्याच्या वंशजांत अगदी आपल्यासारखी भाऊबंदकी झाली. मी हे अण्णांना ऐकवलं.

"त्या काळाच्या चौकटीत बघावं," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

लग्नाच्या सकाळी मंडपाच्या दाराला बांधायचे केळीचे खुंट टेम्पोतून माझा तो भाऊच घेऊन आला. मुहूर्ताला गुरुजींनी माइकवर पुकारलं, "मामांनी नवरीला घेऊन यावं." माझा चुलतभाऊ फेटा सावरत उठला. मला काय झालं कोण जाणे, त्याला मी हातानेच बसवलं आणि पहिल्या रांगेत अण्णांसमोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा, मामा कोण?"

"आता? इथे?"

"इथेच. मुहूर्त टळला तरी चालेल."

आजूबाजूचे पाहुणे बघायला लागले होते. अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला. "बोलव त्याला," ते पुटपुटले.

मी शालू सावरत मागच्या दाराकडे धावले. तो टेम्पोच्या सावलीत उभा होता. अंगात कोरा सदरा, घडीच्या खुणासुद्धा न गेलेला.

"चल, अण्णा बोलवतायत. मामा म्हणून."

तो जागचा हलला नाही. "आक्का, नेमकं काय म्हनले? त्याला बोलव म्हनले, का माज्या पोराला बोलव म्हनले?"

आत गुरुजी पुन्हा पुकारत होते.

"माझ्या पोराला," मी सांगितलं.

त्याने नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि माझ्यामागून आला. चुलतभावाने कुरकुरत का होईना, स्वतःचा फेटा उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवला. मंगलाष्टकं चालली होती. आता हा अण्णांशी बोलणार, आणि भर मांडवात माझं खोटं उघडं पडणार. अक्षता टाकायच्या राहून माझ्या मुठीतच भिजल्या.

आणि तसंच झालं. माळा पडल्याबरोबर तो तडक अण्णांच्या पाया पडला.

"अण्णा, माज्या पोराला बोलव म्हनलात. लई झालं की मला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"म्हणालो," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या फेट्याचा सुटलेला शेमला त्यांनी खांद्यावर नीट बसवला.

'माझ्या पोराला' या दोन शब्दांसाठी मी त्यांच्या तोंडाकडे अजून बघते. ते पेपर वाचत असतात. भाऊ मात्र ते ऐकल्याच्या आनंदात गावी गेला.