लाईट गेली की दाजी खूश

लाईट गेली म्हणून टाळ्या पिटणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच निघाला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात पडला. आम्ही घामाघूम होऊन वीजवाल्यांचा उद्धार करत असायचो आणि आतल्या खोलीतून दाजींची आरोळी यायची, "पडला! परत पडला!" पडायचा, म्हणजे बंद पडायचा, तो त्यांचा जुना कॉम्प्युटर. पुण्याच्या एका कंपनीचं काम दाजी घरूनच करत. काम काय, तर कॉम्प्युटरचा अगदी आतला गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातल्या चुका हुडकायच्या. सगळं जग कॉम्प्युटर पडू नये म्हणून धडपडतं, आणि आमचे दाजी तो पडावा म्हणून दबा धरून बसायचे.

त्या गाभ्यात जर्नल नावाची एक सोय असते, ती त्यांनी मला जेवता जेवता समजावली होती. डिस्कवर काही लिहायचं तर कॉम्प्युटर आधी बाजूला टिपून ठेवतो की मी अमुक लिहिणार आहे, आणि मग खरं लिहितो. मध्येच लाईट गेली तर उठल्यावर ते टिपण वाचून राहिलेलं पुरं करतो. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं की घरातही ते प्रत्येक गोष्ट आधी जाहीर करायला लागले. "मी आता अंघोळीला चाललोय," असं स्वयंपाकघरात सांगून मगच टॉवेल उचलायचे. जेवताना फोन आला तर ताईला "भाकरी अर्धी, आमटी शिल्लक" असं सांगून उठायचे आणि परत आल्यावर तिच्या तोंडून ते ऐकूनच पुढचा घास घ्यायचे. बार्शीला एका लग्नात अक्षता टाकण्याआधी त्यांनी शेजारच्या अनोळखी आजोबांना सांगितलं, "टाकतोय बरं का." आजोबा म्हणाले, "टाका की! मी कुटं धरलंय तुमाला?"

आता दाजी जिच्या मागे लागले होते त्या चुकीबद्दल. आमच्या भागात लाईट सरळ जात नाही. जाते, येते, लगेच परत जाते आणि मग रडतखडत येते. कॉम्प्युटर उठून टिपण वाचायला लागतो न लागतो तोच पुन्हा मरतो. त्यानंतर उठला की मेमरीचा जो तुकडा त्यानं आधीच सोडून दिलाय, त्यालाच हात घालतो आणि कोसळतो. दाजींनी हातानं प्लग काढून बघितला, बटण दाबून बघितलं, पण तेव्हा तो शहाण्यासारखा उठायचा. "आपल्या लाईटीसारखं जाणं कुणाला जमत न्हाय, पाव्हणं," ते मला अभिमानानं सांगायचे. पडद्यावरच्या ओळींचे फोटो त्यांनी कंपनीला पाठवले. साहेबांचं उत्तर आलं की चूक आपल्या कोडमध्ये नाही, सोलापूरच्या लाईटमध्ये आहे. वर दम, की एकदा आमच्या डोळ्यांसमोर पाडून दाखवा, नाहीतर हा विषय बंद आणि तुमची नोकरीही बंद. एसीत बसून दुसऱ्याच्या गावाला नावं ठेवायला काय लागतं!

गुरुवारी दुपारी आमच्याकडे लाईट हमखास जाते. दाजींनी मुद्दाम तीच वेळ मागून घेतली. ताईला त्यांनी एवढंच सांगितलं की मीटिंग महत्त्वाची आहे, नोकरीचा प्रश्न आहे. मी धीर द्यायला शेजारी बसलो होतो. लॅपटॉपवर साहेब मंडळी जांभया देत होती, जुना कॉम्प्युटर टेबलावर घरघरत होता. बाहेर शेजारच्या कारखान्यातले टॉवेलचे माग एकदम थांबले. दाजींनी माझा हात दाबला. पण कॉम्प्युटर चालूच. डोक्यावरचा पंखाही फिरत होता. माग परत सुरू झाले, परत थांबले, आमच्या खोलीत काहीच होईना. तेवढ्यात ताई चहा घेऊन दारात आली. चेहरा नुसता फुललेला.

"अवो, लाईट गेली की! कळलं तरी का तुमाला? काल तुमी बाहेर गेल्यावर इन्व्हर्टर बसवून घेतला, कुंभारी गावच्या वायरमनला बोलवून. म्हटलं, मीटिंगमदी खोडा नको."

दाजींनी लॅपटॉपचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "बरं केलंस. लई बरं केलंस." पडद्यावर साहेबांचे ओठ हलत होते. काय बोलत होते ते ऐकायची गरज नव्हती.

पुढे परदेशात कुणालातरी हीच चूक सापडली. दुरुस्ती दोन ओळींची. दाजींनी मला ती दाखवली, "बघा पाव्हणं, आपण म्हणत होतो तितंच हाय की." त्यांना आनंद झाला होता, माझं मात्र डोकं फिरलं. जुन्या कंपनीनं ती दुरुस्ती निमूट बसवून घेतली. फोन कुणी केला नाही. दाजी आता नव्या पेठेत कापडाच्या दुकानात बिलाचं मशीन सांभाळतात. ते अडकलं की मालक सांगतो, बंद करून चालू करा. दाजी करतात.

त्या दिवशी इन्व्हर्टरनं काय बुडवलं ते ताईला अजून माहीत नाही, आणि दाजींनी मला शपथ घातली आहे. परवा जेवताना ती पाहुण्यांना सांगत होती, "इन्व्हर्टर नसता तर ह्यांची मीटिंगच बुडाली असती." दाजी म्हणाले, "व्हय." तेवढ्यात बाहेरचे माग थांबले. दिवा तसाच जळत होता, पाहुण्यांना काही कळलंही नाही. दाजींचा घास मात्र हातातच राहिला, मान वर, कान बाहेर. ताईला वाटलं, कुठवर जेवलो तेच दाजी विसरले.

"भाकरी अर्धी," ती हळूच म्हणाली, "आमटी शिल्लक." आणि दाजी मान खाली घालून पुढं जेवायला लागले.