झोक्याचा पाईप

देवपुरातल्या आमच्या गच्चीवर सोलर बसलं, त्याला कारण मी. म्हणजे मी काही बसवा म्हणून सांगितलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी मी तान्ह्या मुलीला घेऊन जळगावहून आखाजीला माहेरी आले होते. अक्षय्य तृतीया सगळीकडेच असते, पण आमच्या खानदेशात ती लेकींची. सासरी गेलेली पोर आखाजीला झोका खेळायला माहेरी येते, आणि नाही आली तर गल्लीतल्या बायका आईला कारण विचारून हैराण करतात. मी आले खरी, पण भर दुपारी लाईट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मुलीच्या अंगावर घामोळ्या उठल्या, रडून रडून तिचा घसा बसला. झोक्याला हातही न लावता मी आखाजीच्या दिवशीच परत निघाले. माझे वडील, आबा, फाटकाशी उभे होते. "जाय माय, पोरले सांभाळ," एवढंच म्हणाले.

आमच्या आबांनी सूतगिरणीत मेंटेनन्सला जन्म काढला. अशा माणसाला वाईट वाटलं की तो बोलत नाही, पाना शोधतो. दिवाळीनंतर त्यांचे फोन सुरू झाले. आधी घरातल्या एकेका वस्तूचा लोड काढला. कूलरचा पंप पंख्यात धरायचा की वेगळा, यावर मी जळगावात पोळ्या लाटता लाटता तासभर व्याख्यान ऐकलं. पॅनेलांचं तोंड दक्षिणेला, पण शेजाऱ्यांच्या टाकीची सावली पडते म्हणून जागा बदलली. अर्थिंगसाठी मागच्या बाजूला खड्डा खणला. बॅटऱ्या जिन्याखाली बसल्या आणि आईची धान्याची कोठी तिथून उठली. तेव्हा आईने फोन ओढून घेतला. "मन्ही कोठी काढी अन् बॅटरी बसाडी. उद्या माले बी गच्चीवर बसाडतीन."

मी हसायची. आबा सगळं सांगायचे, बॅटरीत पाणी किती घातलं तेसुद्धा. एकच गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

आमच्या अंगणात झाड नव्हतं. मी शाळेत असताना आबांनी दोन जाड लोखंडी पाईप सिमेंटमध्ये गाडले आणि वर आडवा तिसरा जोडून घेतला. खास माझ्या झोक्यासाठी. वर्षभर त्याच्यावर चादरी वाळायच्या आणि आखाजी आली की दोर चढायचा. मग गल्लीतल्या बायापोरी आमच्याच अंगणात यायच्या, गाणी म्हणायच्या. पहिला झोका माझा असायचा. आबा दोराची गाठ दोनदा ओढून पाहायचे आणि मगच मला बसू द्यायचे. लग्न झाल्यावरही त्यांनी ते कधी चुकवलं नाही.

पॅनेलच्या स्टँडसाठी ते बाजारात गेले, तर हल्लीचा पाईप त्यांच्या मनास येईना. "कागदना मायक शे," असं म्हणून परत आले. आमच्याकडे वैशाखात वावटळ सुटली की पत्रे उडतात, तिथे पातळ पाईप काय टिकणार? मग त्यांना घरचा पाईप आठवला. मागच्या गल्लीतले वेल्डिंगवाले चाचा मशीन घेऊन आले. आई म्हणाली, "पोरले इचारी ल्या ना पहिले." आबा म्हणाले, "तिले काय इचारनं? ती काय झोकामुळे नही, लाईटमुळे पळी गयी व्हती." आणि कापून टाकला. हे मला आईने फार उशिरा सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं, आणि म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

पुढच्या आखाजीला मी चांगली चार दिवस राहायच्या तयारीने गेले. फाटकातून आत आले आणि नजर सवयीने अंगणाकडे गेली. सिमेंटमधून दोन खुंट वर आलेले होते, कुणी ठेचकाळू नये म्हणून त्यांच्यावर रिकामे डबे पालथे घातले होते. पण आबा तोवर अर्धा जिना चढून गेले होते. "चाल, दख," ते वरून म्हणाले. मी वर जाऊन पाहिलं. काम नंबरी होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

आखाजीच्या दुपारी लाईट गेली. आमचा कूलर चालूच राहिला. आबा खुर्ची ओढून माझ्या समोर बसले आणि माझं तोंड बघत राहिले. आईने आमरसासाठी मिक्सर काढला तर तिला हातानेच थांबवलं, बॅटरी कूलरसाठी राखायची होती. मुलगी गाढ झोपली. थोड्या वेळाने गल्लीतल्या बायका आल्या आणि गारव्याला बसल्या. शेजारच्या म्हाताऱ्या अक्कांनी दारातून अंगणात डोकावून पाहिलं आणि आईला विचारलं, "औंदा झोका नही का वं?"

आबा उठले आणि गच्चीवर गेले.

मी मागोमाग गेले. पाय भाजत होते. आबा ओल्या फडक्याने पॅनेल पुसत होते. तापल्या पॅनेलला पाणी लावू नये, हे त्यांनीच मला फोनवर दहादा सांगितलं होतं. स्टँडला चंदेरी रंग मारलेला होता. फक्त पुढच्या आडव्या पाईपवर दोन पट्टे उघडे, गुळगुळीत, उन्हात चमकत होते. मी तिकडे बघते आहे हे त्यांनी पाहिलं.

"दोन डाव रंग दिधा," ते म्हणाले. "तरी आठे धरस नही. तुन्हा दोर घासायेल शे ना."

मला रडू फुटलं, ते मी पदराने घाम पुसायच्या निमित्ताने लपवलं.

"पण गार वाटनं ना, माय?"

"हा आबा. पोर बी मस्त झोपेल शे."

ते खोटं नव्हतं. पण मी आखाजीला गारव्यासाठी कधीच येत नव्हते, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही, आणि आजही रेटत नाही. खालून आवाज येऊ लागला. बायका कूलरसमोर मांडी घालून झोक्याची गाणी म्हणत होत्या. आबांनी फडकं खाली ठेवलं आणि पाईपच्या त्या उघड्या पट्ट्याला धरून ते गाणं संपेपर्यंत उभे राहिले.