शिळ्या पाण्यावरचे टोमॅटो

लातूरला आमच्या कॉलनीत नळ आठ दिवसांनी येतो, आणि नळ आला की लोक आधी पाणी फेकतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे संशयानं बघतो. पण असंच आहे. आठ दिवस झाकून, जपून, तांब्या-तांब्यानं वापरलेलं पाणी नळाची फुसफुस ऐकू आली की एका क्षणात शिळं होतं. ड्रम आडवे होतात, टाक्या मोकळ्या होतात, रस्त्यावरून ओढा वाहतो. मग त्याच ड्रमात नवं पाणी भरायचं आणि पुढचे आठ दिवस पाणी नाही म्हणून रडायचं.

आमच्यातले जे जास्त शिकलेले आहेत ते हे पाणी रस्त्यावर ओतत नाहीत. ते गच्चीवर नेऊन झाडांना ओततात आणि स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात. मी या दुसऱ्या टोळीतला. त्यात ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा, म्हणजे निर्लज्जपणाला प्रमाणपत्रही होतं.

आमच्या गच्चीवर टोमॅटो आले ते माझ्या हौसेनं नाही, आईच्या मोतीबिंदूनं आले. दिवाळीनंतर ती मुखेडकडच्या आमच्या गावाहून डोळा दाखवायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कागदाची एक पुडी होती. पुडीत टोमॅटोचं बी होतं. गावात आता सगळे नर्सरीतून रोपं आणतात. आईचं बी त्याआधीचं, चपट्या, खाचाखाचांच्या, आंबट टोमॅटोचं. ज्या मळ्यात तिनं आयुष्यभर मजुरी केली त्याच्या मालकानं, मी कॉलेजला गेल्यानंतर, ती जुनी झाडं उपटून टाकली, तेव्हा तिनं एक झाड उचलून आमच्या न्हाणीपाशी लावलं होतं. तेव्हापासून दर वर्षी एका फळाचं बी ती ठेवत आली. यंदा पावसानं न्हाणीपाशी पाणी साचून सगळं कुजलं. राहिली ती ही पुडी.

"जुनं बी हाय. सगळंच टाकते," ती म्हणाली आणि घमेल्यात सगळंच टाकलं. आठ रोपं उगवली. ती तिनं रंगाच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडून त्यांत लावली. माती, शेणखत, वर चिमूट-चिमूट चुना. ही आठ जगली तर तिचं बी राहणार होतं, नाहीतर संपणार होतं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि मी "हाव माय" म्हणून होकार दिला. शिकलेला माणूस "हाव" फार पटकन म्हणतो.

डिसेंबरात नांदेडला तिचं ऑपरेशन झालं. बहीण नांदेडलाच असते, तेव्हा महिनाभर तिच्याकडेच राहायचं ठरलं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. झाडं माझ्यावर आली. नुकती फुलं धरली होती.

फोनवर ती रोज विचारायची.

"टमाट्याला पाणी घालून राहिला का?"

"हाव माय, भरपूर."

"भरपूर नको घालू. सकाळी घाल, बुडाला घाल, थोडं घाल. बोट घालून बघतो का आधी?"

"बघतो."

बघत नव्हतो. सकाळी माझं कॉलेज, संध्याकाळी कंटाळा. मधल्या दिवसांत झाडांना काही मिळत नसे. कधी मन खाऊ लागलं तर अंधार पडायच्या आधी मी स्प्रेच्या बाटलीनं पानांवर फवारा मारायचो. पानं टवटवीत दिसायची, माझं मनही टवटवीत व्हायचं. आठव्या दिवशी नळ आला की अख्खा ड्रम आठ बादल्यांत रिकामा. बुडाच्या भोकांतून पाणी बाहेर पडून गच्चीवर पसरलं की मला वाटायचं, झाडं तृप्त झाली.

ही अक्कल मला एकट्याला सुचलेली नव्हती. कॉलनीतल्या गच्चीवर बाग करणाऱ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. सकाळी तिथं तीस जण गुलाबाचा तोच फोटो टाकून सुप्रभात म्हणतात आणि मग दिवसभर एकमेकांच्या मिरच्यांना "अप्रतिम" म्हणतात. ग्रुपचे प्रमुख आमच्या समोरचे निवृत्त साहेब. नोकरीत असताना त्यांनी झाडांचे अहवाल लिहिले, झाड लावलं की नाही ते माहीत नाही. त्यांच्या गच्चीवरचे टोमॅटो माणसाच्या उंचीचे, हिरवेगार, आणि बहुतेक नुसती पानंच. ते पानांचेच फोटो टाकतात.

जानेवारीत माझ्या फळांना तडे जायला लागले. मला त्याचं काही वाटलं नाही. याचं कारण सांगायला हवं. आई ज्या मळ्यात मजुरी करायची तिथं चांगला माल गाडीत भरला जायचा आणि फुटलेले टोमॅटो मजुरांना वाटून टाकायचे. माझ्या लहानपणी आमच्या घरी फुटकेच टोमॅटो आले. मुखेडच्या शाळेत मराठीच्या पुस्तकात गोल, गुळगुळीत टोमॅटोचं चित्र होतं. चित्रकारानं ते सोपं जावं म्हणून तसं काढलं असेल असं मी समजायचो. नांदेडला कॉलेजला गेलो तेव्हा मेसमध्ये अख्खा टोमॅटो पहिल्यांदा हातात घेऊन पाहिला. तरीसुद्धा तडा हा टोमॅटोचा स्वभाव आहे, दोष नाही, हे कुठंतरी मनात बसलेलंच होतं.

मग फळांची बुडं काळी पडायला लागली. चामड्यासारखी, आत खचलेली. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि आईला विचारायचं सोडून ग्रुपला फोटो टाकला. तासाभरात इतकी उत्तरं आली की कुठल्याही विद्यापीठाला लाज वाटावी. अंड्याची टरफलं घाला. ताक घाला. केळीच्या साली घाला. एका बाईंनी दृष्ट काढा म्हणून सांगितलं, आणि खरं सांगतो, बाकीच्यांपेक्षा तोच सल्ला कमी नुकसानीचा होता. साहेबांनी कसलीशी पावडर पाठवली आणि लिहिलं, "सर, चिंता नको. भरपूर पाणी सोडा." मी पावडर टाकली आणि भरपूर पाणी सोडलं. तीन झाडं पिवळी पडून माना टाकून बसली.

आई जानेवारीच्या शेवटी परत आली. डोळ्यावर काळा चष्मा. चहासुद्धा न घेता जिना चढून गच्चीवर गेली. मी मागून. तिनं चष्मा वर केला, डॉक्टरांनी करू नका म्हटलं होतं तरी, आणि नव्या डोळ्यानं एकेक बादली पाहिली. एका फळाचं बूड उलटं करून बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"ह्ये बघायला डोळा नीट केला का रे माजा?"

मी पावडर, टरफलं, ग्रुप, सगळं सांगितलं. ती वाकली नाही, बादलीपाशी बसली आणि नुसतं एक बोट मातीत खुपसलं. दुसऱ्या दिवशी नळ येणार होता. माती वरून भेगाळलेली आणि आतून कोरडी विटेसारखी.

"किती दिस झाले पाणी घालून?"

"सात."

"आनि उद्या ड्रम वतणार."

"शिळं पाणी फेकायचंच असतं ना."

"पाणी काय भाकर हाय का शिळं व्हायला?"

माझी बायको जिन्यात उभी होती. तिला हसू आवरलं नाही. तीही दर आठवड्याला पाणी फेकणारीच, पण त्या दिवसापासून ती एकदम सासूच्या बाजूची झाली.

संध्याकाळी साहेब आले. माझ्या झाडांची केस ग्रुपवर त्यांनीच हातात घेतली होती, त्यामुळे पाहणी करणं त्यांना भाग होतं. हात मागे बांधून त्यांनी बादल्यांभोवती एक फेरी मारली.

"मावशी, हा कॅल्शियमचा अभाव आहे."

"कशाचा?"

"चुन्याचा म्हणा."

"चुना हाय मातीत. म्या टाकलाय. पाणीच येळेवर न्हाई तर चुना काय पायानं चढंल वर?"

साहेब माझ्याकडे बघून हसले, म्हणजे बघा सर, जुन्या लोकांना कसं समजवायचं. मला हसता आलं नाही. मुळांकडून क्षार पाण्याबरोबरच वर चढतात, हा धडा मी अकरा वर्षं शिकवतोय. फळ्यावर खोडाचं चित्र काढतो, निळ्या खडूनं बाण दाखवतो. परीक्षेत त्याच्यावर हमखास प्रश्न येतो. आणि तो धडा माझ्या गच्चीवर मला माझ्या न शिकलेल्या आईनं एका वाक्यात सांगितला.

"मावशी, मी पुष्कळ पुस्तकं वाचलीत यावर," साहेब म्हणाले.

"वाचा की बाबा. तुमचे डोळे चांगले हायत."

त्यानंतर माझी शिकवणी सुरू झाली. वय चाळीस, इयत्ता पहिली. ती पिवळी पडलेली तीन झाडं तिनं काढायला लावली. त्यांची मुळं काळी, कुजकट निघाली. सात दिवस तहान आणि आठव्या दिवशी बुडवणूक, यानं माणूसही वाचला नसता. उरली पाच. त्यांची काळी फळं तोडली. बादल्यांत मातीवर सोयाबीनचं भुस्कट पसरलं, म्हणजे ऊन थेट मातीला लागणार नाही. नळ आला तेव्हा तिनं दोन ड्रमांवर हात ठेवला आणि बायकोला म्हणाली, "ह्ये दोन माजे. ह्यातलं थेंब फेकायचं न्हाई." ड्रमवर फळी झाकली. त्या दोन ड्रमांवर आमची झाडं जगायची होती.

रोज सकाळी ती उलट्या घमेल्यावर बसायची आणि मी तांब्या घेऊन उभा.

"आदी बोट घाल. दुसऱ्या पेरापर्यंत."

"ओलं आहे."

"मंग कशाला वतून राहिला? पुढं चल."

दुसऱ्या बादलीत कोरडं लागलं की ती मान हलवायची. मी तांब्या उलटा केला की ओरडायची, "आंघोळ घालून राहिला का गुरुजी? तांब्या वाकडा कर, उलटा न्हाई. बुडाला. पानाला थेंब नको. माती पिऊ दे, मंग अजून दे."

मळ्यात ती हे सगळं टाचेनं ओळखायची म्हणे. सरीत अनवाणी उभं राहिलं की टाचेला कळतं, वाफसा आहे का नाही, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी. बादलीत टाच मावत नाही म्हणून बोट. मी तिला विचारलं की हे तू मला लहानपणीच का नाही शिकवलं.

"तुला सरीत उतरू दिलं असतं तर तू तितंच राहिला असता," ती म्हणाली.

खरं आहे. मालक कितीदा म्हणाला होता, पोरगं पाठव, पाणी द्यायला हात लागतो. तिनं मला कधी मळ्याच्या बांधावरसुद्धा उभं राहू दिलं नाही. अभ्यासाला बस. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझं पाण्याबद्दलचं अज्ञान तिनंच कमावून दिलेलं आहे, त्याबद्दल मी तिचा जन्मभराचा ऋणी आहे. पण अज्ञानाला पदवी समजून ग्रुपवर मिरवलं ते मी. ते तिनं शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारीत वरच्या फांद्यांना नवी फळं धरली. बुडं स्वच्छ. एका झाडावर एक फळ असं आलं, चपटं, खाचाखाचांचं, कुठं डाग नाही, तडा नाही. आईनं त्याला कापडाची चिंधी बांधली. ते बियाचं. पूर्ण पिकून मऊ होईपर्यंत झाडावरच राहणार.

ते लाल व्हायला लागलं त्याच आठवड्यात नळाचा दिवस आला. आई खाली झोपली होती. मी गच्चीवर, घरात वापरायच्या ड्रमात निम्मं पाणी उरलेलं बघत उभा. समोरच्या गच्चीवरून साहेबांनी ड्रम कलता केला, त्यांच्या टोमॅटोच्या जंगलात धबधबा पडला.

"सर, सोडा की झाडांना! शिळं आहे, वाया जाईल."

हात सवयीनं पाण्याच्या बादलीकडे गेला होता, हे मान्य करतो. बादली भरलीसुद्धा. आठवडाभराची सवय सुटते, आयुष्यभराची लगेच सुटत नाही. मग मी चिंधीवाल्या झाडापाशी गेलो आणि बोट घातलं. माती ओली होती. त्या फळाची साल ताणलेली, पातळ दिसत होती. एवढं पाणी एकदम मिळालं असतं तर दुपारपर्यंत ते फुटलं असतं. मी बादली पुन्हा ड्रममध्ये ओतली आणि फळी झाकली.

"काय झालं सर?"

"आज नको," मी म्हणालो. साहेबांच्या चेहऱ्यावर दया दिसली. संध्याकाळी ग्रुपवर त्यांनी पाणी वाचवण्यावर संदेश टाकला. छत्तीस जणांनी हात जोडले.

फळ पिकलं. आईनं ते ताटलीत पिळलं, बी दोन दिवस त्याच रसात ठेवलं, मग धुऊन कागदावर पसरून दिवाणखान्यातल्या बुद्धमूर्तीशेजारी वाळत ठेवलं. जाता-येता मी ते बी मोजल्यासारखं बघायचो. एका फळात इतकं बी असतं हे मी शिकवलेलं आहे, बघितलं नव्हतं.

मुखेडची गाडी पकडायच्या सकाळी तिनं पुडी बांधली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

"माय, मला थोडं ठेव ना."

"तुला कशाला?"

"पुढच्या वर्षी लावतो."

तिनं काळा चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "पाच झाडं हायत की वर. हा उन्हाळा काढून दाखव. मंग ये मागायला."

आता एप्रिल चालू आहे. पाचातली चार उभी आहेत. एकाला उन्हानं मारलं की मी, हे ठरवता येत नाही, पण आईला फोनवर मीच म्हणून सांगितलं. ग्रुपमधून मी बाहेर पडलो, कुणाच्या लक्षात आलं नाही. आज नळाचा दिवस. समोर ड्रम आडवा झालाय, खाली रस्त्यावर ओढा वाहतोय. मी चारही बादल्यांत बोट घालून आलो. दुसऱ्या पेरापर्यंत ओल आहे. आज पाणी नाही.